सांती काथोर्ला : घरच्या क्लबच्या निळ्या जर्सीत पोचायला लागलेली वीस वर्षं

आठनंबर (धागाकर्ता) – २२ जून २०२५

पहाटेचे तीन वाजून गेले होते. घरातले सगळे झोपलेले. मी स्वयंपाकघरात दिवा न लावता मोबाइलवर रेआल ओव्हिएदो विरुद्ध मिरांदेस सामना बघत होतो. स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीतून वर जाण्यासाठीच्या प्ले-ऑफची ही अंतिम लढत. शेवटची शिट्टी वाजली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ओव्हिएदो २४ वर्षांनी ला लीगामध्ये, म्हणजे पहिल्या श्रेणीत, परत आला. आणि ज्या गोलपासून संघ सामन्यात परत आला तो गोल ज्याच्या पायातून गेला, तो माणूस चाळीस वर्षांचा आहे. सांतियागो काथोर्ला गोन्झालेस.

(आपल्याकडे कोणी काझोर्ला म्हणतं, कोणी कझोर्ला. स्पेनमध्ये 'झेड'चा उच्चार 'थ'कडे झुकतो म्हणून मी काथोर्ला लिहितोय.)

त्याच्याबद्दल बहुतेकांना तीन गोष्टी माहीत असतात. आर्सेनल, दोन्ही पायांनी सारखा खेळणारा, आणि टाचेचं ते भयंकर दुखणं. मला आज चौथी सांगायची आहे, त्याच्या घरच्या क्लबची, ओव्हिएदोची, कारण माझ्या मते त्याची कारकीर्द तिच्यामुळेच पुरी झाली.

सांतीचा जन्म १३ डिसेंबर १९८४ चा, अस्तुरियास प्रांतातल्या यानेराचा. ओव्हिएदो शहर तिथून दहा-एक किलोमीटरवर. पोरवयातच तो रेआल ओव्हिएदोच्या अकादमीत आला. तेव्हा क्लब पहिल्या श्रेणीत होता, त्यामुळे या पोरांची स्वप्नं लांबची नव्हती. पण २००१ मध्ये क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि २००३ मध्ये सगळंच कोसळलं. मैदानावर तिसऱ्या श्रेणीत घसरण झालीच होती, वर खेळाडूंचे पगार थकलेले, म्हणून शिक्षा होऊन थेट चौथ्या श्रेणीत रवानगी. शहराच्या महापालिकेनेसुद्धा दुसऱ्याच एका क्लबला हात दिला. प्रेक्षक मात्र हलले नाहीत. चौथ्या श्रेणीतल्या सामन्यांना हजारोंनी जात राहिले.

त्याच उन्हाळ्यात अठरा वर्षांच्या सांतीने व्हियारेआल क्लब गाठला. ओव्हिएदोच्या मुख्य संघाकडून एकही सामना न खेळता. घर सोडून गेला असं म्हणायला जीभ वळत नाही, कारण घरच मोडलं होतं.

२०१२ मध्ये क्लब पुन्हा बुडायला आला. दोन आठवड्यांत सुमारे वीस लाख युरो उभे केले नाहीत तर कुलूप. क्लबने १०.७५ युरोला एक असे शेअर विकायला काढले आणि साठाहून जास्त देशांतल्या लोकांनी ते घेतले. त्यात तिघे प्रीमियर लीगमध्ये खेळत होते, तिघेही ओव्हिएदोच्या अकादमीतले : चेल्सीचा ख्वान माता, स्वान्सीचा मिचू आणि आर्सेनलचा काथोर्ला. शेवटी मेक्सिकोच्या कार्लोस स्लिम यांच्या उद्योगसमूहाने मोठी रक्कम घातली आणि क्लब वाचला. पण स्लिम यांचे पैसे येईपर्यंत दिवा विझू दिला नाही तो दहा-दहा युरोवाल्यांनी.

आणि मग २०२३ चा ऑगस्ट. कतारहून सांती ओव्हिएदोला आला, वय ३८. फुकट खेळायची तयारी होती, पण नियमात ते बसत नाही, म्हणून त्या श्रेणीतला सर्वांत कमी पगार घेतला. अट एकच, आपल्या नावाच्या जर्सीविक्रीतला दहा टक्के हिस्सा अकादमीच्या पोरांसाठी जावा.

पहिल्या वर्षी, २०२४ मध्ये, प्ले-ऑफच्या अंतिम फेरीत एस्पान्योलने हरवलं. घरी १-० जिंकून बार्सिलोनात ०-२. तेव्हा तो ३९ चा होता. तिथे थांबला असता तर कोणी बोट दाखवलं नसतं. तो थांबला नाही. या वर्षी उपांत्य फेरीत अल्मेरियाविरुद्ध फ्री किकवर त्याचाच गोल. अंतिम फेरीचा पहिला सामना मिरांदेसकडे ०-१ हरला. काल घरी, कार्लोस तार्तिएरे स्टेडियमवर, मिरांदेसने आधी गोल केला, म्हणजे दोन्ही सामने मिळून ०-२. सगळं स्टेडियम गारठलं. मग पेनल्टी मिळाली.

तो चेंडू ठेवतानाचा क्षण मी आयुष्यात विसरणार नाही. एवढुसा माणूस, साडेपाच फुटी. मागे चोवीस वर्षं वाट बघणारं गाव. धाव घेतली आणि मारला. तिथून संघ उठला. दुसरा गोल इलियास चाइराचा, आणि जादा वेळेत फ्रान्सिस्को पोर्तियोचा तिसरा.

लिहायला बसलो तेव्हा पूर्ण कारकीर्द मांडायची होती, पण हात तिकडेच वळला. बाकीचं तुम्ही भरा.

---

मंगळवारपेठ

आठनंबर, सकाळी सकाळी रडवलंस गड्या. आम्हा कोल्हापूरकरांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तालमीचा संघ म्हणजे काय ते शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसूनच कळतं. पाटाकडील तालमीचा पोरगा कुठेही खेळायला गेला तरी सीझनला त्याचं मन पेठेतच असतं.

मी लहान पोरांना शिकवतो, म्हणून त्याच्या दोन पायांबद्दल. दोन्ही पायांनी मारणारे पुष्कळ असतात. पण बहुतेकांचा एक पाय कामाचा आणि दुसरा अडीनडीचा. सांती एका बाजूचा कॉर्नर उजव्याने मारायचा, दुसऱ्या बाजूचा डाव्याने, आणि पेनल्टी-फ्री किकसुद्धा दोन्हींनी. याचा खरा फायदा चेंडू घेताना होतो. अंगावर येणारा खेळाडू नेहमी विचार करतो की याला याच्या कच्च्या पायाकडे ढकलू. सांतीला कच्चा पायच नाही. त्यामुळे अंगावर येणाऱ्याने कुठला रस्ता अडवायचा? तो अर्धा सेकंद थबकतो आणि तेवढ्यात सांती वळून पुढे गेलेला असतो. मी पोरांना त्याचे व्हिडिओ आवाज बंद करून दाखवतो आणि सांगतो, चेंडू बघू नका, समोरच्याची कंबर बघा. कंबर कशी चुकते ते बघा.

---

क्षितिज_लंडन

१७ मे २०१४, वेम्ब्ली. मी तिथे होतो. आर्सेनलच्या बाजूला, वरच्या मजल्यावर. हल सिटीविरुद्ध इंग्लंडच्या एफए कपची अंतिम लढत. आठव्या मिनिटाला आम्ही ०-२ मागे. २००५ नंतर क्लबने एकही करंडक जिंकला नव्हता. शेजारी बसलेल्या आजोबांनी स्कार्फ तोंडावर घेतला होता.

सतराव्या मिनिटाला फ्री किक. चांगलीच लांबून. सांतीने उजव्या पायाने मारली. मला चेंडू वळताना दिसलाच नाही, एवढंच दिसलं की हलचा गोलरक्षक मॅकग्रेगरच्या हाताला लागूनही तो वरच्या जाळीत गेला. जल्लोषापेक्षा सुटकेचा आवाज होता तो. नंतर कोसिएल्नीचा गोल, आणि जादा वेळेत रॅमझीचा. ३-२. कप रॅमझीच्या नावाने लक्षात राहिला, पण त्या दिवशी बुडत्या संघाचा हात कोणी धरला ते स्टेडियममधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

आठनंबरने आर्सेनल एका शब्दात उरकलं म्हणून थोडी भर घालतो. २०१२ च्या ऑगस्टमध्ये मालागाहून आला. मालागाने त्याला वर्षभरापूर्वीच मोठी रक्कम देऊन घेतलं होतं, त्या मोसमात ते चौथे आले आणि चॅम्पियन्स लीगला पात्र ठरले. आणि लगेच क्लबचे पैसे आटले, खेळाडू विकले गेले. म्हणजे क्लब पैशापायी मोडताना त्याने दुसऱ्यांदा पाहिलं.

आर्सेनलमधल्या पहिल्याच मोसमात लीगमध्ये १२ गोल, रेडिंगविरुद्ध हॅटट्रिक, आणि प्रेक्षकांनी निवडलेला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू. पण मला जास्त आवडायचा तो नंतरचा, मागे सरकलेला सांती. १८ जानेवारी २०१५, मँचेस्टर सिटीच्या घरी २-० ने जिंकलो तो सामना काढून बघा. पेनल्टीवर पहिला गोल त्याचा, फ्री किकवर जिरूच्या डोक्यावर अचूक ठेवलेला चेंडू त्याचा. मधल्या नव्वद मिनिटांत सिटीचे धिप्पाड मिडफिल्डर त्याच्याभोवती यायचे आणि तो त्यांच्यामधून चेंडू घेऊन निघायचा. कोकलँ पुढे धावून चेंडू हिसकावणारा आणि सांती तो शांतपणे बाहेर काढणारा. ही जोडी तुटली तेव्हा आमचा कणा तुटला.

शेवटचा सामना १९ ऑक्टोबर २०१६, लुदोगोरेत्सविरुद्ध, ६-० जिंकला तो. दुसऱ्या सत्रात तो लंगडत बाहेर गेला. दोन-तीन आठवड्यांत येईल असं सगळ्यांना वाटलं. तो आर्सेनलच्या जर्सीत पुन्हा कधीच खेळला नाही.

---

नर्मदेकाठचा

सुंदर धागा. पण एक विचारू का? त्याला स्पेनच्या चावी, इनिएस्ता, सिल्व्हा यांच्या पंगतीत बसवायचं का? स्पेनकडून ८१ सामने खरे, पण मोठ्या स्पर्धांत बराच काळ बाकावरच होता. २०१० च्या विश्वचषकाला तर नव्हताच.

---

आठनंबर

@नर्मदेकाठचा, रास्त प्रश्न आहे. २०१० ला तो पाठीच्या दुखण्यामुळे मुकला, आणि तेच वर्ष सगळ्यांच्या लक्षात आहे. पण २००८ चा युरो आठवा. २२ जून, व्हिएन्ना, उपांत्यपूर्व फेरी, इटली. स्पेन वर्षानुवर्षं याच पायरीवर अडखळत होता. ०-० नंतर पेनल्टी शूटआउट. पहिली व्हीयाने मारली, दुसरी मारायला २३ वर्षांचा काथोर्ला पुढे आला, समोर इटलीचा गोलरक्षक बुफॉन. गोल. स्पेन ती पायरी चढला, अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्ध तो सिल्व्हाच्या जागी उतरला आणि चषक आला. त्यानंतर चार वर्षं स्पेनला कोणी धरू शकलं नाही.

त्याच्या आधीचं वर्षही बघा. २००६-०७ मध्ये तो रेक्रेआतिवो दे ऊएल्वाकडून खेळला. नुकताच वर चढलेला छोटा क्लब, त्यांनी बेर्नाबेऊवर जाऊन रेआल माद्रिदला ३-० हरवलं आणि आठवा क्रमांक मिळवला. व्हियारेआलने त्याला लगेच परत बोलावलं, आणि पुढच्याच मोसमात व्हियारेआल लीगमध्ये दुसरे. पन्नासेक हजार वस्तीच्या गावाचा क्लब, बार्सिलोनाच्या वर!

इनिएस्ताच्या पंगतीत बसवायचं की नाही, यावर माझं मत असं की तो ज्या संघात गेला तो संघ त्याच्यामुळे एक पायरी वर चढला. ऊएल्वा, व्हियारेआल, मालागा, आता ओव्हिएदो. इनिएस्ताला हे करून दाखवायची गरजच पडली नाही.

---

मृणाल_फिजिओ

टाचेबद्दल लिहिते, कारण हे माझ्या रोजच्या कामातलं आहे आणि या दुखण्याची खोली बातम्यांत नीट येत नाही.

पोटरीचे स्नायू खाली एका जाड दोरीत गोळा होतात आणि ती दोरी टाचेच्या हाडाला जोडलेली असते. हा अकिलीस टेंडन. शरीरातला सर्वांत भक्कम, साधारण पंधरा सेंटिमीटर लांब. धावताना त्याच्यावर वजनाच्या सहा-आठ पट ताण येतो. पण त्याला रक्तपुरवठा फार कमी असतो आणि त्यावरची कातडी पातळ. खाली मांसाची गादी नाही. म्हणून तिथली जखम एकदा चिघळली की भरता भरत नाही.

सांतीला २०१३ मध्ये चिलीविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात घोट्याला मार लागला आणि तो वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढत खेळत राहिला. २०१६ नंतर शस्त्रक्रिया सुरू झाल्या. टाके घातले की जखम उसवायची, आतून पाणी यायचं. मे २०१७ मध्ये व्हितोरियाला डॉक्टर मिकेल सांचेझ यांनी पाय उघडला तेव्हा जंतुसंसर्गाने टेंडनचा आठ-दहा सेंटिमीटरचा तुकडा खाऊन टाकला होता. पंधरातला आठ! हाडापर्यंत संसर्ग गेला होता, पाय कापावा लागेल अशी भीती होती. मुलाबरोबर बागेत चालता आलं तरी समाधान मान, असं त्याला सांगितलं गेलं होतं.

मांडीमागच्या स्नायूचा टेंडन घेऊन टाचेतला टेंडन पुन्हा उभा केला. वरच्या कातडीसाठी डाव्या हातावरची कातडी काढली. त्या हातावर मुलीचं नाव गोंदवलेलं होतं. मुलीचं नाव इंडिया. म्हणजे आपल्या देशाच्या नावातली काही अक्षरं त्याच्या हातावर राहिली आणि काही घोट्यावर गेली. मी तो फोटो माझ्या पेशंटना दाखवते, पण फोटोपेक्षा पुढची गोष्ट महत्त्वाची म्हणून सांगते. असा नवा टेंडन सुरुवातीला मेलेल्या दोरीसारखा असतो. त्याला रोज ठरावीक ताण द्यायचा. कमी दिला तर तो जुळत नाही, जास्त दिला तर तुटतो. आधी टाच खाली टेकवणं, मग दोन्ही पायांवर टाचा उचलणं, मग एका पायावर, मग हळू धावणं. महिनोन्महिने तेच. माझे बहुतेक पेशंट एका पायावर टाच उचलायच्या टप्प्यावर कंटाळतात. सांती सालामांकाला एकटा राहून हे करत होता, घरच्यांपासून लांब. ६३६ दिवसांनी, जुलै २०१८ मध्ये, तो पुन्हा सामना खेळला.

---

मंगळवारपेठ

मृणालताई, तुमचं वाचून गप्पच झालो. माझ्या घोट्याचे टाके असेच दोनदा उसवले होते. जिथे दाखवलं तिथे पाणी येतंय म्हटलं तर 'येतंच, सुकेल' म्हणाले. सीझन गेला, आणि पायातली ताकद गेली ती गेलीच. तेव्हा कुणी हे एवढं नीट सांगितलं असतं तर.

---

मृणाल_फिजिओ

@मंगळवारपेठ, वाईट वाटलं वाचून. पोरांना शिकवता ना, त्यांना एवढं नक्की सांगा : टाके घातल्यावर जखमेतून काहीही येत असेल, आजूबाजूचा भाग गरम लागत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला एक दिवसही थांबू नका. आणि तुमच्या पायाचं अजूनही बघता येईल, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

फातोर्डा_पूर्व

मडगावहून. इंडियाचा किस्सा माहीत नव्हता, अंगावर काटा आला.

आम्हा गोंयकारांना स्पॅनिश मिडफिल्डरचा लळा एदू बेदियाने लावला. एफसी गोवाकडून सहा मोसम खेळला. तो सांतांदेरचा, म्हणजे अस्तुरियासला लागून असलेल्या कांताब्रियाचा. २०२१ च्या ड्युरंड कपच्या अंतिम सामन्यात मोहम्मेडनविरुद्ध जादा वेळेत त्याची फ्री किक, तोच एकमेव गोल. फातोर्ड्यात त्याला जवळून बघताना एक कळलं, की ही माणसं चेंडू येण्याच्या आधी दोनदा मान वळवून मागे बघतात. काथोर्लाचे सामने बघताना आता माझी नजर आधी त्याच्या मानेवर जाते.

---

सुमेधा_नाशिक

मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही, मुलगा बघतो म्हणून बघते. परत आल्यावर तो आधीसारखा खेळला का? की लोकांनी प्रेमापोटी सांभाळून घेतलं?

---

क्षितिज_लंडन

@सुमेधा_नाशिक, खेळला, आणि कसा! व्हियारेआलने आधी त्याला नुसतं सरावाला बोलावलं आणि मग करार केला. स्टेडियममध्ये जादूगार आणून, रिकाम्या काचेच्या नळीत धूर सोडून त्यातून त्याला 'प्रकट' केलं होतं. ३ जानेवारी २०१९ ला रेआल माद्रिदशी २-२ बरोबरी, दोन्ही गोल सांतीचे. दुसरा डोक्याने! त्या वर्षी व्हियारेआल घसरणीच्या दारात होतं आणि वाचलं. जून २०१९ मध्ये तो पुन्हा स्पेनच्या संघात आला, जवळजवळ चार वर्षांनी. पुढच्या मोसमात व्हियारेआल पाचवे. सांभाळून घेतलेल्या खेळाडूचा हा हिशेब नव्हे.

आणखी एक, आर्सेनलचा तेव्हाचा प्रशिक्षक व्हेंगर याच्याबद्दल. सांती शस्त्रक्रियेला जाणार होता तेव्हा व्हेंगरने आधी त्याचा करार एक वर्षाने वाढवला. पाय कसा निघेल हे कुणालाच माहीत नसताना. सांतीने हे स्वतः कृतज्ञतेने सांगितलंय.

---

आठनंबर

क्षितिज, व्हेंगरचं लिहिलंस ते फार बरं केलंस.

२०२० मध्ये तो कतारच्या अल सादला गेला, तिथे प्रशिक्षक चावी होता. पहिल्याच मोसमात एकही सामना न हरता लीग जिंकली. पैसा, मान, ऊन, सगळं होतं. त्यानंतर पाऊस, चिखल आणि दुसऱ्या श्रेणीतले धक्के खायला तो अस्तुरियासला आला, तेही नव्याने बांधलेल्या टाचेवर. २००३ मध्ये अकादमीतल्या पोराला जी जर्सी मिळायची होती ती त्याने वीस वर्षांनी घातली.

---

नर्मदेकाठचा

माझा पंगतीचा प्रश्न मी मागे घेतो. पुढच्या वर्षी खेळेल का तो?

---

आठनंबर – जुलै २०२५

@नर्मदेकाठचा, करार वाढला! आणखी एक वर्ष. क्लबची स्थापना १९२६ ची, म्हणजे शंभरावं वर्ष पहिल्या श्रेणीत, आणि सांती संघात. रेआल माद्रिद आणि बार्सिलोना तार्तिएरेवर येणार. सामन्यांच्या वेळा लागल्या की इथेच टाकतो, रात्री जागणारे हात वर करा.

---

फातोर्डा_पूर्व

✋

---

मंगळवारपेठ

तालमीतल्या मोठ्या पडद्याचं बघतो मी. पोरांना घेऊन बसणार आहे.